कुलपांची यादी

नारिनच्या वाचनालयात पाच कॉम्प्युटर,
त्यातला एक सुट्या भागांसाठी उघडून ठेवलेला.
उरलेल्या चारांची मीच आई, मीच फौजदार,
पगार मात्र ग्रंथपालाचाच.

डिसेंबरात पोरांनी पडद्यावरचं सगळं उलटं केलं.
मान वाकडी करून मी ते सरळ केलं.
मग त्यांनी भाषा बदलून कोरियन केली.
चौकोन, गोल, काड्या. दीड तास
मी मेन्यू चाचपडत होते आंधळ्यासारखी,
आणि मागे कुणीतरी ओठ दाबून हसत होतं.

तेही एक वेळ चाललं असतं.
पण चार नंबरचं घड्याळ
दर गुरुवारी तीन तास पुढे पळायचं.
माझ्या वहीत: आले चारला.
यंत्र म्हणायचं: सातला.
आम्ही तर सहालाच कुलूप लावतो.
बिश्केकहून साहेबांचा फोन,
बुरुल, रात्री तिथे कोण बसतं?

म्हणून शनिवारी, अर्ध्या बोटांचे हातमोजे घालून,
मी ती फाईल उघडली.
गंमत अशी की कुलपांच्या या यादीत
कुलूप कुठेच नसतं, नुसती किल्ल्यांची नावं.
भाषेची किल्ली. पडद्याची. घड्याळाची.
एका ओळीत एक.
नाव लिहिलं की ती किल्ली कुणाच्याच हातात उरत नाही.
मेन्यूतले शब्द राखेच्या रंगाचे होतात,
दिसतात, पण दाबले तर हूं की चूं करत नाहीत.

खरं सांगते, बरं वाटलं.
घरी जाऊन सासूशीसुद्धा गोड बोलले.

गुरुवारी सागिन आजोबा आले.
टोपी मांडीवर, चार नंबर.
माउस हळूहळू घड्याळापर्यंत नेला,
दाबलं. थांबले. परत दाबलं.
मग कुणाला काही न विचारता
मनगटावरचं काढलं, रोज किल्ली द्यावी लागणारं,
काटे तीन तास पुढे फिरवले,
पडद्याला टेकवून ते उभं केलं
आणि बघत बसले.

‘याकुत्स्कला आत्ता सात,’ म्हणाले,
जणू मी विचारलंच होतं.
‘थोरली तिथे बस चालवते. गुरुवारी लवकर सुटते.’
मग फोन करता?
‘छे. फोनवर काय बोलायचं.
नुसतं बघतो. आता बूट काढत असेल.’

पोरं एक नंबरवर गाड्या पळवत होती.
चोर मोकळे, सुळावर संन्यासी,
आणि सूळ मी स्वतः तासलेला.

ती ओळ पुसायचीही गरज नव्हती.
डोक्यावर एक जाळीचं चिन्ह ठेवलं की पुरतं,
ओळ राहते आणि झोपी जाते,
यंत्र तिला न उठवता पुढे निघून जातं.
पण मग उद्या पुन्हा कोरियन.
पुन्हा साहेब.
त्या चिन्हावर बोट ठेवून मी बराच वेळ बसले,
चहा गार झाला.

शेवटी आजोबांचं वेगळं खातं काढलं,
त्यांना एक किल्ली माफ.
नोंदी माझ्या घड्याळाने,
त्यांच्या पडद्यावर याकुत्स्क.
‘आता पासवर्ड. इथे टाइप करा,
मोठ्याने सांगू नका,’ म्हणेपर्यंत
खणखणीत आवाजात त्यांनी सांगून टाकलं होतं:
ऐकुमुश.
सगळ्या खोलीने ऐकलं.
एक नंबरवरच्या गाड्या थांबल्या.

आता मार्च. नदीवरचा बर्फ तडकायला लागलाय.
कोरियन परत आलं नाही.
पडदा मात्र एकदा उलटा झाला,
या खेपेला पोरांनी अख्खा मॉनिटरच उलटा ठेवला होता,
त्याला कुठल्या फाईलीत ओळ नाही.

पण त्या खात्यात आजोबांखेरीज
कुणी शिरल्याची नोंद नाही.
मी बघितलं.
दोनदा बघितलं.