वाटाण्यातला खडा

कळमन्याच्या अलीकडे, डालमिलच्या पत्र्याखाली
मे महिन्याची दुपार पंचेचाळीसवर येऊन थांबलेली.
पंचफुला पराते चाळणीतून एक खडा वर काढते,
करडा, गुळगुळीत, सुपारीएवढा,
आणि माझ्या टेबलावर ठेवते, बिलांच्या गठ्ठ्यावर:
"हा आपल्याकडचा नोहे, मुनीमजी."

खड्यांतलं तिला कळतं.
बत्तीस वर्षं तिनं दुसरं काही निवडलेलं नाही.
हिंगणघाटच्या हरभऱ्यात ढेकूळ निघतं, बोटांत फुटतं.
उमरेडच्या तुरीत तांबूस, कोपऱ्याकोपऱ्यांचा.
हा मात्र कुणीतरी फार दिवस
मुठीत घोळवत बसल्यासारखा.

पोत्यावर छापलंय: कॅनडा.
दहावीत भूगोलात मला छत्तीस मार्क होते,
तरी सांगायला लागतो.
आपल्या देशाच्या तिप्पट जमीन, आणि माणसं चार कोटी,
तीही सगळी खालच्या काठाला, शेकोटीभोवती बसावीत तशी.
वर नुसती तळी, सूचिपर्णी झाडं, आणि बर्फ.
हा वाटाणा पिकतो त्या प्रांताच्या शिवा
नाल्याबरोबर वाकत नाहीत,
कुणीतरी पट्टी ठेवून ओढल्यात.

"मंग येवढ्या जागेचं थे लोकं करतेत काय?"

करतात काय.
लाकूड कापतात. तेल उपसतात.
जमिनीच्या पोटात आटलेल्या समुद्राचं
गुलाबी मीठ खणतात, आपल्या कपाशीला टाकतो तो पोटॅश.
गहू. मोहरीसारखं काहीतरी पिवळं, क्षितिजापर्यंत.
वाटाणा त्यांच्या खातेवहीत कुठंतरी शेवटच्या पानावर.
आमच्या खातेवहीत पहिल्या.

आपण इथं उन्हानं मरतो तेव्हा ते पेरतात.
मग मैलभर लांब मालगाडी,
डोंगर, बोगदे, बंदर,
एक अख्खा महासागर आणि दुसऱ्याचा बराच भाग,
मुंद्रा, अजनीचा कंटेनर डेपो,
आणि रामटेके ट्रान्सपोर्टचा ट्रक, ज्याचा हॉर्न बंद आहे.
(हा वाटाणा पुढं दळून कुणाच्या बेसनात जातो
ते मला विचारू नका. मी फक्त वजन लिहितो.)

मागच्या साली दिल्लीत एक कागद निघाला, शुल्काचा.
तिकडं कुण्या शेतकऱ्याच्या पत्र्याच्या कोठीत
ढीग तसाच पडून राहिला असेल,
इकडं पंचफुलाचे अकरा रोज बुडाले.
दोघांची ओळख नाही.
शून्य मैलाच्या खांबाशी गावोगावची अंतरं कोरलीत,
दगडी घोडे बाजूला उधळलेत,
पण त्या कोठीपर्यंतचं अंतर तिथं नाही.

खडा मी वजनकाट्यावर ठेवतो. अकरा ग्रॅम.
पुतणी शिकते सायन्सला, तिनं फोनवर सांगितलं:
हजारो वर्षांपूर्वी बर्फाचा पहाडच तिथून सरकत गेला,
खाली दगड भरडत, गोल करत.
म्हणजे मिलच ती, मी म्हटलं.
फक्त मुनीम नव्हता.

पंचफुला खडा उचलते, पदरानं पुसते.
"बर्फाखालचा हाय म्हंता ना?"
हो.
"मंग नेते. माठात टाकतो. थंड राह्यीन पानी."

मी काही बोललो नाही.
छत्तीस मार्कांच्या माणसानं काय बोलावं.

दुसऱ्या दिवशी विचारलं.
सूप झटकत, माझ्याकडं न पाहता ती म्हणाली,
"पानी तं तसंच हाय, जी.
पन नातू घटकाघटकानं झाकन काढून पाह्यते."