शेवटची बांधी

राइस मिलची जुनी खोली, आता प्रयोगशाळा.
भिंतीतून अजून कोंड्याचा वास येतो.
पोती रचायची तिथे प्रिंटर बसलाय:
एक सुई, तीन पिचकाऱ्या,
आणि बाजूला ऊबपेटी, लाइन गेली की
इन्व्हर्टरवर कण्हणारी.

मी आधी साखर छापते.
केसाएवढी कांडी, कांडीला फाटे,
फाट्यांना आणखी बारीक फाटे.
होळीच्या गाठीत आपण साखर खातो, दोरा फेकतो.
इथे साखरच दोरा.
तिच्यावर पेशी कालवलेला गर ओतते, आंबिलीसारखा,
थिजेपर्यंत श्वाससुद्धा बाजूला सोडते,
मग कोमट पाण्याने साखर धुऊन टाकते.

उरतं एक झाड, ज्याला लाकूड नाही.
त्या पोकळीत दुसऱ्या पेशी सोडायच्या,
त्या कडेकडेने चिकटत जातात,
कुणी आतून भिंत सारवावी तशा.
तळहातावर मावणारं मांसाचं ठिगळ,
त्यात नसा आधीपासून घातलेल्या.

सहाव्या दिवशी ते मरायचं.
नेहमी टोकाकडून.

लटारूमामा गुरुवारी तालुक्याला येतो,
पोटरीवरच्या जखमेची पट्टी बदलायला.
चौदा महिने झाले, भरत नाही.
पळसाच्या पानात सुके झिंगे घेऊन आला,
ते मी दाराबाहेर ठेवायला लावले, तर हसला.
एकतीस वर्षं गावच्या तलावाचा पाणकर.
कुणाच्या बांधीत किती घटका पाणी, हे त्याच्या बोटांवर.

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तो गप्प राहिला.
आमच्या रंगात जिवंत ते हिरवं दिसतं,
मेलेलं तांबडं.
"हा तुडुम?"
हो, इथून आत.
"मंग हा मोठा पाट. ह्या बांध्या.
आन् टोकावरचं धान करपलं तुहं."

मी सांगू लागले, की दोन-तीन केसांच्या अंतरापलीकडे
पेशीला अन्न पोचत नाही, ती उपाशी मरते,
म्हणून मी दर खेपेला दाब वाढवते,
पण ठिगळ सुजतं, भादव्यातल्या पाळीसारखं,
आणि कुठेतरी फुटतं.

तो डोळा न काढता म्हणाला,
"पानी येते कोठून, हे सारेच इचारतेत.
जाते कोठी, हे कोनी इचारत नाई.
तुही सलंग कोठी हाये, पोरी?"

होती.
एका कोपऱ्यात, सुईच्या टोकाएवढी,
नकाशा पुरा करायचा म्हणून काढलेली.
चार वर्षं मी येण्याचे रस्ते मोजत होते.

त्या रात्री फाइल उघडली आणि उलटीकडून काढायला बसले.
आधी जाण्याची वाट, रुंद, दोन तोंडांची.
मग तिला येऊन मिळणारे ओघळ.
तुडुम सगळ्यात शेवटी.
पहिली तीन ठिगळं तरीही गेली.
एक बुरशीने, एक माझ्या घाईने,
एक लाइन गेली आणि इन्व्हर्टरही बसला त्या रात्री.

चौथ्याच्या अकराव्या दिवशी
टोकाची बांधी हिरवी होती.
सगळी नाही. बांधालगतचा एक पट्टा तांबडाच.
पण मध्ये हिरवं, दाट, रोवणी लागल्यासारखं.
मी खुर्चीवर बसले, मग उठले, मग पुन्हा बसले.

मामाला फोन केला.
तो पाळीवर होता, मागे पाण्याचा आवाज.
जखमेचं त्याने विचारलं नाही,
म्हणून मलाच सांगावं लागलं:
तुझ्या पायापर्यंत यायला अजून वर्षं आहेत, मामा.
आधी उंदराला लावून बघायचं.

"उंदराले?"
बराच वेळ नुसतंच पाणी ऐकू आलं.
"जिंदगीभर उंदरांनंच पार पोखरली माही,
आन् पयलं पानी तू त्यालेच देतं?"

मग खोकला येईपर्यंत हसला,
आणि म्हणाला, थांब,
खालच्या बांधीवाला हाका मारून राहिला.