बद्द

लॉस एंजेलिसची नदी सिमेंटच्या पन्हळीतून जाते.
ऑगस्टात पाणी घोट्याएवढं.
त्यात सुपरमार्केटची एक ढकलगाडी उलटी पडलेली
आणि तिच्या चाकावर बगळा,
सरकारी नेमणूक झाल्यासारखा.

वर हायवेचा पूल, कमानीमागे कमान.
त्याच्या कुशीत दोरावर लोंबकळत
एउलालिया बार्रागान हातोडीने विचारत चाललीये:
टण्ण.
टण्ण.
टण्ण.
इथवर ठीक.

हे ऐकणं तिला खात्याने शिकवलेलं नाही.
बाप पुलाच्या पूर्वेच्या टोकाला
पिकअप लावून कलिंगडं विकायचा.
कानाशी धरून टिचकी मारायचा.
टण्ण वाजलं तर ठेव बाजूला, कच्चं आहे.
बद्द वाजलं की घे डोळे मिटून.

पुलाचं उलटं.
तिसऱ्या कमानीच्या बगलेत हातोडी म्हणते
बद्द.
पुन्हा मारली, पुन्हा
बद्द.
आत सळई गंजून फुगलीये,
काँक्रीटला आतून रेटतेय,
बाहेर दिसते ती केसाएवढी रेघ.
निळ्या खडूने ती गोल काढते,
शेजारी तारीख, लांबी इंचांत,
आणि तोंडाला, काही कारण नसताना,
पाणी सुटतं.

कमानीच्या पोटावर फळ्यांचे छाप आहेत.
साच्याचं लाकूड केव्हाच कुणाच्या शेकोटीत गेलं,
पण रेषा राहिल्या, गाठी राहिल्या.
एका गाठीभोवती तर झाडाची वर्षंही मोजता येतील.
नियमाने इंच न् इंच वाजवायचा असतो.
तिथे ती तळवा ठेवते, हातोडी नाही.

खालून ओव्सेप टर्झियान,
काठाने रोज सायकल हाणणारा म्हातारा, ओरडतो:
पडणार का गं हा?
ती वरून: तुमच्याआधी नाही.
त्याचं हसू कमानीत घुमतं,
दोनदा परत येतं,
तिसऱ्यांदा नुसता खोकला.

वर ट्रक जातो. सगळा पूल
झोपेत कूस बदलल्यासारखा हलतो, स्थिर होतो.
याची नोंद कुठल्या रकान्यात करायची?

संध्याकाळी पूर्वेच्या टोकाला
भलत्याच कुणाचा तरी पिकअप.
हेल्मेट काखेत धरून ती एक कलिंगड उचलते,
कानाशी नेते.
टण्ण.
दुसरं. टण्ण.
पोरगं कंटाळतं: सेन्योरा, सगळी गोडच आहेत.

बोटांना अजून निळा खडू.
ती तिसरं उचलते.