एकोणचाळीस टक्के

शनिवारी दफन, रविवारी चर्चमध्ये आभार,
सोमवारी पहाटे मयताची लेक परत हॅम्बुर्गला.
कुमासीत माझ्या धंद्याचं वेळापत्रक हे असं.
मधल्या रात्री तीन तासांची फिल्म
पेनड्राइव्हवर उतरायला हवी,
आणि माझं मशीन नऊ तास घेतं.
एकोणचाळीस टक्क्यांवर तर बसकणच मारतं.
मी टेबलावर डोकं टेकून झोपतो,
उठतो तेव्हा एक्केचाळीस.
वीज गेली, की शून्य.

सोळाशे सेडी साठले तसा आडुमच्या बाजारात गेलो.
मनात तीन पंख्यांचं कार्ड होतं,
लाल-निळं,
सरदाराच्या डोक्यावर नाचवतात त्या छत्रीसारखं.

जिन्याखालच्या दुकानात आफ्रियेनं
कपाळावर बॅटरी बांधून माझा डबा उघडला.
आतून हर्मटनची धूळ निघाली,
गेल्या हिवाळ्याची, त्याच्या आदल्याही,
पात्यांवर लोकर धरलेली.
"छत्री राहू दे," ती म्हणाली,
"तुझा पॉवर सप्लाय गुडघे टेकेल.
आधी घोडं कुठे पेंड खातंय ते बघू."

पेंड डिस्कमध्ये होती.
एकाच फिरत्या तबकडीवरून वाचायचं,
तिच्यावरच लिहायचं,
"एकाच दारातून वरात आत आणि प्रेत बाहेर.
मग खोळंबा नाही तर काय?"

वाचायला जुनी राहू दिली. लिहायला एसएसडी, चारशे ऐंशी.
रॅमची जोडीदार पट्टी, कुणाच्या तरी मेलेल्या
ऑफिस कॉम्प्युटरमधली, दोनशे तीस.
वेगळी वायर न मागणारं ठेंगणं कार्ड
सातशेला, एका पंख्याचं,
बाजूला कुणीतरी मार्करनं लिहिलेलं: चालतं.
प्रोसेसरवरची पेस्ट खपलीसारखी निघाली.
नवी लावली, वीस.
तिची मजुरी शंभर.
उरलेल्या सत्तरात आम्ही फुफू खाल्ला,
आणि ती बोटं चाटत म्हणाली,
"कार्ड विकणारे तुला हे सांगणार नाहीत."

त्या शनिवारी माआमे दुफिए.
काळे-लाल कपडे, भाड्याचे मंडप, चारशे प्लास्टिकच्या खुर्च्या,
माइकवर देणगीदारांची नावं आकड्यांसकट.
ती सगळी घ्यावीच लागतात.
एक वगळलं तर घरात भांडण.

रात्री दहाला बटण दाबलं.
सवयीनं डोकं टेकवलं.
पंखा हलक्या आवाजात फिरत राहिला.
एकोणचाळीस कधी आले नि गेले कळलं नाही.
साडेअकराच्या आत फिल्म तयार,
आणि माझ्या हातात अख्खी रात्र,
जिचं काय करायचं मला कोणी शिकवलं नव्हतं.

म्हणून पाहिली.
पंधरा वर्षं या फिल्मा करतोय,
एकही पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली नव्हती.

एक तास बाविसाव्या मिनिटाला, फ्रेमच्या कडेला,
एक म्हातारा उभा आहे. पायात वेगवेगळ्या चपला.
हातात घडी केलेली नोट.
रांग सरकते, तो सरकतो,
इतक्यात माइकची वीज जाते,
लोक जेवणाकडे वळतात.
तो नोट आणखी एकदा दुमडतो
आणि खिशात ठेवत नाही.
शवपेटी जिथे होती तिथल्या रिकाम्या टेबलावर,
चादरीच्या घडीखाली सरकवतो.

मी तिथे कट मारला होता.
नोट टेबलापर्यंत पोचण्याआधीच
थाळ्या, वाढपी, हसणारी पोरं.

पूर्वी हे दिसलं असतं तरी काय केलं असतं?
आणखी नऊ तास कुठून आणले असते?
चूक दिसू नये म्हणूनच झोपत होतो, बहुतेक.

बारा वाजता कट मागे ओढला. अकरा सेकंद.
कोणी मागितली नव्हती. लेकीलाही कदाचित
तो कोण ते ठाऊक नसेल.
पुन्हा बटण दाबलं.
चहा ठेवायला उठलो,
दूध उतू जाईपर्यंत
सात टक्के झाले होते.