काशाची वाटणी

दिगंबरमामांनी सगळं मोजून दिलं.
दोन घागरी, दोन पराती,
बैलजोडी बाजारात, तिचे पैसे दोन खिशांत.
शेवटी चुलीमागं झांजेचं बोचकं निघालं.
मामांनी गाठ सोडली. दोन चकत्या.
एक भागवतला, एक वैजिनाथला.
फिटाफीट.

आईचं नाव ठिपक्यांनी कोरलेलं.
नळदुर्गच्या कासारानं, अक्षरं मावत नाहीत म्हणून,
एकीवर 'सोजर' घातलं, दुसरीवर 'बाई'.
भागवतकडे सोजर गेली.
वैजिनाथकडे बाई.

मधली दोरी उरली,
लाल गोंड्यांची, आईच्या घामानं काळी पडलेली.
"ही घेऊन जा," मामा म्हणाले,
"लेकीला रिकाम्या हाती पाठवू नये."

आई आराधीण. गळ्यात कवड्यांची माळ,
मंगळवारी पाच घरं जोगवा,
आणि नवरात्रात झांज अशी वाजवायची
की संबळवाला म्हणायचा,
"सोजरमावशे, जरा हळू, माझं मलाच ऐकू येईना."
वाजवून झालं की दोन्ही छातीशी दाबून धरायची.
आवाज वाटेत सोडू नये, म्हणायची,
घरी पोचवून यावं.

एकटी चकती वाजत नाही, असं नाही.
वाजते. भांडं पडल्यासारखी.

भागवतच्या बायकोनं सोजर दुधावर झाकली.
मधल्या भोकातून वाफ जाते, दूध उतू जात नाही,
सोयीचं आहे, म्हणाली. खरंच सोयीचं होतं.
वैजिनाथनं बाईला तार ओवून
बांधावरच्या बाभळीला टांगलं,
ज्वारीवरच्या पाखरांसाठी.
ठोकायला ट्रॅक्टरचा पाना.
मी उमरग्याला त्या दोरीनं शेळी बांधते.
मी कुणाला नावं ठेवू?

यंदा येळवशीला गेले.
दोन शेतांत दोन कोपी, दोन ठिकाणची भज्जी,
आंबील इकडं गोड, तिकडं आंबट.
दोन्हीकडं जेवले, दोन्हीकडं कमी जेवले म्हणून बोलणी खाल्ली.

रात्री माळवदावर पडले. अवसेचा अंधार,
दोन गोधड्यांतून थंडी शिरत होती.
अडीचच्या सुमाराला बाभळीकडून
ठण्ण.
पाना. डुकरं आली असणार.
मग काही नाही. मग विहिरीच्या अंगानं
दुसरा आवाज, जाडसर, बसक्या गळ्याचा.
भागवत झाकण घेऊन शेतात गेला होता.

बाई.
सोजर.
बाई, बाई.
सोजर.
तीन वर्षं एकमेकांशी न बोललेली माणसं,
मधे हातभर बांध,
आणि डुकरं याच्यातून त्याच्यात, त्याच्यातून याच्यात.
कोण कुणाला हाकलत होतं, कळत नव्हतं.
ठोके चुकत होते, धावत होते,
एक थांबला की दुसरा वाट बघायचा
थोडी, खोकल्याएवढी.
आणि एकदा, एकदाच,
दोन्ही एकदम पडले.

अंधारात बघितलं तर माझेच दोन्ही हात
छातीशी दाबलेले.

सकाळी भागवतला विचारलं, रात्री काय वाजत होतं रं?
"डुकरं होती."
त्याच्या बायकोनं झाकण राखेनं घासून
पुन्हा दुधावर ठेवलं. 'र'च्या शेजारी नवा पोचा.

चहाला वैजिनाथकडं गेले. त्यालाही विचारलं.
"डुकरं," तो म्हणाला.
बशीवर फुंकर घालत बसला बराच वेळ.
मग बशीकडंच बघत म्हणाला,
"लईच जवळ आलती."