छताचं बोलणं

मंगळवारी संध्याकाळी, चर्चच्या तळघरात
आम्ही अकरा जण. घडीच्या खुर्च्या.
कॉफीचं मशीन आधी गुरगुरतं, मग गप्प होतं.
ट्वायला म्हणते, डोळे मिटा, नाहीतर जमिनीकडे बघा.
श्वास येतोय, जातोय. नुसतं बघा.

नुसतं?
आमच्या घरात श्वासाकडे नुसतं कुणी बघितलंच नाही.
बाप उशा रचून बसल्या बसल्या झोपायचा.
फुप्फुसात कोळसा;
खोल विहिरीतून गळकी बादली ओढावी
तसा एकेक श्वास वर यायचा.
भिंतीपलीकडे आम्ही भावंडं मोजायचो.
एका रात्री एकेचाळीसनंतरचा आकडा आलाच नाही.

मग मी उतरलो, त्याच डोंगरात.
वेस्ट व्हर्जिनियात आमच्या बाजूला दुसरं काय होतं?
पाठीवर शिळा पडली, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या.
पाठ दुखायची थांबली.
मी थांबलो नाही.
ट्रक गेला, बापाची बंदूक गेली,
मग ओपल, लेकराला कडेवर घेऊन.

सातव्या की आठव्या मंगळवारी ती तलफ आली.
जबडा आवळत, मनगटांत मुंग्या,
जिभेवर खडूसारखी कडू चव.
ट्वायलाने हळूच विचारलं, व्हर्लिन, आत्ता कुठे आहे ती?
डाव्या बरगडीखाली, मी म्हटलं.
थांब. आता घशात.

आणि एकदम लक्षात आलं,
हे तर मला येतं!
एकोणीस वर्षं अंधारात छत ऐकलंय मी.
खांब करकरतो, भुकटी झरते,
कुठलं नुसतं बोलणं, कुठलं कोसळणं,
कान ओळखायचे, डोक्याला कळायच्या आत.

फरक एवढाच,
तिथे छत बोललं की पळायचं.
इथे पळायला जागा एकच,
आणि ती डबीत मावते.
म्हणून बसलो.
करकरलं. फार करकरलं.
बादली अर्ध्यात अडकली, हिंदकळली, वर आली.
किती मिनिटं, देव जाणे. कॉफी निवली.
छत राहिलं.

नंतर खरं ते सांगितलं,
मला शांत-बिंत काही वाटलं नाही, बाई.
ती खुर्च्या मिटत होती.
म्हणाली, मी कुठे म्हटलं होतं वाटेल?

घरी पायीच. चढावर धाप लागली,
कठड्याला टेकून मोजत राहिलो.
एकेचाळीस.
मग जरा मोठ्यानेच, बेचाळीस.
कुणाच्या तरी ओसरीवरून कुत्रं भुंकलं.