रिकाम्याचं वजन

सावर्ड्याच्या काट्यावर बावीस वर्षं
मी रिकामे टिपर तोलले.
भरलेलेही तोलले, पण रिकामे आधी;
रिकाम्याचं वजन चुकलं
की पुढचा सगळा हिशेब खोटा.

खाण थांबली. काटा गंजतोय.
आता ओट्यावर चार लिटर जवाचं पाणी निवतंय,
हॉप्सचा कडू वास पार जिन्यापर्यंत,
आणि त्याला राहायला जागा नाही.

चार लिटर? झेफेरीन हसला.
चार लिटरात मांजर तरी भिजेल का रे?
आणि आजोबांचा गर्राफांव घेऊन आला,
हिरवी काच, वेताची वीण, दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला.
वीस लिटरचा. फेणी झोपायची त्यात
एकेक पावसाळा.
मी वरून डोकावलो. माझी बियर
तळाशी डबक्याएवढी राहिली असती,
वर नुसती हवा, आणि सरतेशेवटी
ओल्या पुठ्ठ्याची चव.
परत नेला त्यानं. जरा रागानंच.

मडकं श्वास घेतं.
पाण्याला ते चालतं, हिला नाही.

चिनी बरणी दोनदा सोड्यानं धुतली,
तीन दिवस गच्चीत उपडी ठेवली,
तरी झाकण काढलं की
बिंबलीचं लोणचं बोलायला लागतं.

स्टीलचा डबा चांगला, पण मुका.
जन्मभर काट्याच्या काचेकडे बघत बसलेला माणूस मी,
मला आत काय चाललंय ते दिसायला हवं.

मग नाक्यावरच्या दुकानातला पाण्याचा कॅन,
पाच लिटरचा, ज्याच्याकडे
मडगावपर्यंत जाऊन आलो तरी बघितलं नव्हतं.
रिकामा एकशे पंचेचाळीस ग्रॅम.
घासायचा नाही; ओरखडा पडला
की त्यात नको ते बिऱ्हाड करतं.
उजेड नको, म्हणून जुनी उशीची खोळ.
वर लिटरभर जागा फेसासाठी.
दूध उतू जायला लागते तेवढी? सुलक्षा म्हणाली.
तेवढीच.

बुचाला भोक पाडलं, आणि नळी नव्हती.
तिनं कपाटातून सलाइनची काढून दिली,
जादाची, पाकीट न फोडलेली,
मे महिन्यात हॉस्पिटलातून पिशवीबरोबर आलेली.
मी तिच्याकडे बघितलं नाही.
तेव्हा थेंब आत जात होते. आता
वारा बाहेर येईल, पाण्याच्या पेल्यात.

यीस्टची पुडी अर्धीच टाकली. टबात कॅन,
टबात पाणी, अंगावर ओला पंचा,
बाहेर बत्तीस.

पहिला बुडबुडा रात्री दोनला.
ती जागीच होती.
मोजताय?
नाही, म्हटलं,
आणि तेविसापर्यंतचं मला आठवतं.

सकाळी कॅनवर चिकटपट्टी, तिच्या अक्षरात,
माझ्या जुन्या रजिस्टरसारखी दोन ओळींची:
रिकामा – १४५ ग्रॅम.
भरलेला – तुम्ही उचला, मला अजून जमत नाही.